रविवारची तपासणी

"मागचं चाक तिरपं बसलंय," अण्णा म्हणाले आणि त्यांनी टॉर्च विझवली. "उजवीकडे एका खुणेचा फरक आहे. दिसत कसा नाही तुला?"

धाकट्याला तो दिसत होता. दिसत होता म्हणजे काय, सकाळी त्यानेच तो मुद्दाम ठेवला होता.

"राहिलं खरं," म्हणत तो पाना घेऊन चाकाजवळ बसला.

अण्णांनी तीस वर्षं कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. दुसऱ्यांच्या कामात खोट शोधायची हा त्यांचा धंदा, आणि निवृत्त झाल्यावर घरात त्यांना एकच गिऱ्हाईक उरलं होतं. खोट सापडली की म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तेज यायचं. म्हणून दर रविवारी धाकटा सगळं काम चोख करायचा आणि एक चूक मागे ठेवायचा. तेवढ्याने बाप खुर्चीतून उठतो, चार शब्द बोलतो, मग बिघडलं कुठे?

गाडी लांब पल्ल्याची होती, भारीतली स्पोर्ट टूरिंग मोटारसायकल. आईला मागे बसवून समुद्रकाठाने महिनाभर हिंडायचं म्हणून अण्णांनी ती निवृत्त होताना घेतली होती. मग आई गेली. पाठोपाठ अण्णांचे गुडघे गेले. गाडी तेवढी शेडमध्ये ठाण मांडून बसली.

आई गेल्यावर महिनाभर त्या घरात कोणी कोणाशी बोललं नव्हतं. मोठी ताई लग्न होऊन लांब गेलेली. घरात हे दोघंच, दोन खोल्यांत दोघं. एकदा काहीतरी विषय काढायचा म्हणून धाकट्याने विचारलं, "अण्णा, चेन किती ताणायची असते हो?" अण्णा ताडकन उठले आणि शेडकडे चालू लागले. त्याला हायसं वाटलं होतं तेव्हा.

त्याला पाच वर्षं झाली. एक रविवार चुकला नाही. हँडल उंच झालं, पाय ठेवायचे दांडे खाली आले, पुढची काच मोठी झाली, सीट दोनदा उसवून पुन्हा शिवली. एवढं सगळं करून गाडी कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची. धाकट्याचंही आयुष्य तेवढंच चाललं होतं. चौतिसावं सरत आलं होतं, आणि ग्रीसच्या वासाने त्याला आता मळमळायचं.

आज संध्याकाळी पाचपर्यंत त्याला एक उत्तर द्यायचं होतं. पुलांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीने त्याला बोलावलं होतं. दूरचं शहर, आणि जे काम करायचं म्हणून तो शिकला होता, नेमकं तेच. दोनदा मुदत वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा तिथल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, पाच वाजले की दुसऱ्याला फोन करणार.

चाक सरळ झालं. त्याने मान वर न करता विचारलं, "अण्णा, समजा काही दिवस मी इथे नसलो, तर?"

अण्णांनी विझलेली टॉर्च या हातातून त्या हातात घेतली.

"मग गाडीचं काय करायचं?"

पहिला प्रश्न हाच. कुठे जातोस नाही, का जातोस नाही. म्हाताऱ्याचा जीव या लोखंडात अडकलाय, आणि तो तिथून काढणं आपल्या हातून व्हायचं नाही, हे धाकट्याला कळून चुकलं.

"सहज बोललो हो. गाडीला सोडून कुठे जातोय मी?"

"हं," अण्णा म्हणाले. त्यांनी पुन्हा टॉर्च लावली आणि पुढे वाकले. "ही काच बघ. खालचा स्क्रू सैल आहे."

धाकटा चक्रावला. हा स्क्रू त्याने मागच्याच रविवारी घट्ट केला होता. चाकाची चूक त्याची, ही त्याची नव्हती. हल्ली असं बरेचदा व्हायचं, त्याने न ठेवलेल्या चुका निघायच्या. मन थाऱ्यावर नसलं की हात तरी कुठून राहणार?

"लक्ष कुठे असतं तुझं?" अण्णा म्हणाले. मग आवाज उतरवून, "असू दे. पुढच्या रविवारी मागे सामानाच्या पेट्या बसवू. दोन्ही बाजूंना. चार-पाच आठवडे सहज जातील."

"हो, बसवू की."

अण्णा भिंतीला धरून हळूहळू घरात गेले. ताईचा फोन रविवारी याच वेळेला यायचा.

धाकट्याने हात धुतले. तेल नखांतून निघेना, तसंच त्याने मोबाईलवर लिहिलं: घरच्या अडचणीमुळे येऊ शकत नाही, क्षमा असावी. पाचला दहा मिनिटं होती. मोठ्याने ओरडावं, पाना त्या टाकीवर हाणावा, असं त्याला वाटलं. त्याने निरोप धाडला आणि पाना जागेवर टांगला. मिनिटभरात साहेबांचं उत्तर आलं. ठीक आहे, दुसऱ्याला फोन करतो.

पाणी प्यायला तो आत गेला. अण्णांची पाठ दाराकडे होती, फोन कानाला होता.

"अगं, तुझ्याकडे राहायला यायला मी एका पायावर तयार आहे," ते हळू आवाजात सांगत होते. "ती गाडी तर डोळ्यांसमोर नको झालीय मला. दिसली की तुझी आई आठवते. पण ह्याचं काय करू? ती गेली तेव्हा महिनाभर मुका झाला होता हा. पहिलं तोंड उघडलं ते चेनचं विचारायला. मग काय, तेव्हापासून शनिवारी गुपचूप जातो आणि एखादा स्क्रू सैल करून येतो. रविवारी तेवढाच जीव रमतो त्याचा. आज म्हणाला, 'मी इथे नसलो तर?' मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. मुद्दाम विचारलं, गाडीचं काय करायचं? तर म्हणे, गाडीला सोडून कुठे जातोय मी! आता सांग, कोणत्या तोंडाने विकू? त्या गाडीशिवाय त्याला दुसरी जागा आहे का कुठे जायला?"