ओली चौकट

भिवा पुन्हा दाराशी स्टूल टाकून बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पायाशी रंगाचा डबा. चौकटीला लावलेल्या वेलबुट्टीच्या पट्टीवरून त्यांचा ब्रश एका पानावरून दुसऱ्या पानावर लाडाने फिरत होता. घरभर टर्पेंटाइनचा वास सुटला होता.

लॅपटॉप उघडता उघडता दीपिकेच्या कपाळाला आठी पडली.

“बाबा, परवाच केलीत ना ही पट्टी?”

“कोपऱ्यातलं पान राह्यलंय गं,” सासरे मान न वळवता म्हणाले. “हुईल आता. दार तेवढं लावू नगं.”

ती पट्टी दीपिकेच्या हौसेची. बीडीडी चाळीतली एवढीशी खोली सुटली आणि शेजारीच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये मोठं घर मिळालं, तेव्हा तिने दादरची दुकानं पालथी घातली होती. दाराला साधी चौकट नको, नक्षी हवी. सुताराने पट्टी ठोकली, रंगाऱ्याने घाईघाईत रंग फासला आणि पानांचे कोपरे कोरेच राहिले. भिवा म्हणाले, मी करतो. पहिल्याच दिवशी दीपिकेच्या नवऱ्याने, संघर्षने, कामावरून आल्यावर सवयीने दार ओढून घेतलं आणि सकाळी ते उघडेना. बापलेकांनी जोर लावला तेव्हा रंगाचे टवके घेऊन उघडलं. तेव्हापासून घरात नियम झाला, रंग वाळेपर्यंत दार लावायचं नाही.

एरवी दार बंद. खालच्या मजल्यावर भरदिवसा कुणाचा तरी मोबाइल गेला होता, आणि दीपिकेने त्याची धास्तीच घेतली होती. नव्याचे नऊ दिवस सरले तरी म्हाताऱ्याची रंगाची हौस काही सरेना, एवढंच तिला दिसत होतं. तीच पट्टी, तीच पानं. केलेलं काम केलं आहे हेच ते विसरत असतील तर? तिच्या मामाचं असंच सुरू झालं होतं. आंघोळ करून आला की पुन्हा टॉवेल मागायचा. काल रात्री ती संघर्षला म्हणाली होती, “बाबांना डॉक्टरला दाखवायला हवं.” त्याने मान डोलावली होती. आज ती फोन करणार होती.

ऑफिसची मीटिंग सुरू झाली. कानात इअरफोन असूनही बाहेरून एक आवाज आत आला. कुणीतरी खळखळून हसत होतं. दीपिकेला क्षणभर कळलंच नाही कोण ते. मग तिने आवाज ओळखला आणि इअरफोन काढले.

ती राधाबाई होती, तिची सासू. या घरात आल्यापासून गुडघे धरून भिंतीकडे तोंड करून बसणारी. दिवसातून दोनदा “आज रविवार हाय का?” एवढंच विचारणारी, ताटात अर्धी भाकरी ठेवून उठणारी. चाळीत समोरासमोर दारं होती. उंबऱ्यात बसल्या बसल्या हिला मजल्यावरच्या प्रत्येक घरात काय शिजतंय ते ठाऊक असायचं, आणि मीठ जास्त पडलं तर तेही.

दीपिका बाहेर आली. राधाबाई उंबऱ्याशी पाट टाकून बसल्या होत्या. समोरच्या फ्लॅटमधली नूपुर मेथीची जुडी घेऊन खाली फरशीवरच बसली होती. वरच्या मजल्यावरच्या गंगुबाई रंग बघायला म्हणून लिफ्टने उतरल्या होत्या आणि रंगाकडे पाठ करून गप्पा हाणत होत्या.

“अगं, देठं नगं टाकू,” राधाबाई नूपुरला दटावत होत्या. “तुज्या आयनं शिकवलं न्हाय व्हय?”

नूपुर हसत होती. दारातून वारा येत होता. भिवा हात धुवायला आत गेले होते.

कुणाचा पाय लागून सांडायला नको म्हणून दीपिकेने डबा उचलला. तो हलका होता. आत बघितलं तर तळाशी रंगाची साय वाळून दगड झालेली. शेजारी वाटीत नुसतं टर्पेंटाइन होतं, पाण्यासारखं स्वच्छ, आणि त्यात बुडवलेला ब्रश. तिने वेलीच्या कोपऱ्यातल्या पानावर बोट टेकवलं. पान कोरडं ठणठणीत होतं.

ती वळली. स्वयंपाकघराच्या दारात भिवा ओले हात तसेच धरून उभे होते, चोरी पकडली गेल्यासारखे.

“बाबा, यात रंगच नाहीये,” ती हळूच म्हणाली.

“संपून लई दिस झालं.”

“मग सांगायचं ना. दार उघडं ठेवलं असतं.”

“सांगितलं हुतं की पोरी, आल्या आल्या. संघर्ष म्हनला, ही चाळ न्हाय बाबा.” त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. “खरंच हाय त्याचं. पन तिनं आज दोन भाकऱ्या खाल्ल्या.”

ज्यांना दीपिका विसरभोळे ठरवायला निघाली होती, त्यांच्या सगळं लक्षात होतं. विसरली होती ती. हीच राधाबाई चाळीत तिच्या आजारपणात रात्र रात्र जागली होती. तिने डबा होता तिथे ठेवला आणि लॅपटॉप मिटला. मीटिंगचं काय झालं ते तिने विचारलंही नाही.

संध्याकाळी संघर्ष आला तेव्हा उंबऱ्यात बायकांची चपलांसकट मैफल जमली होती. वाट काढत तो आत आला.

“डॉक्टरला फोन केलास?” त्याने दबक्या आवाजात विचारलं आणि सवयीने मागे दाराकडे हात नेला.

दीपिकेने त्याचं मनगट धरलं. तिच्या बोटांना टर्पेंटाइनचा वास येत होता.

“दार लावू नकोस,” ती म्हणाली. “वरची पट्टी मी आत्ताच रंगवलीये.”