ओला हातमोजा

लेओनीच्या खोलीत पाऊल टाकताच एवारिस्तची नजर टेबलावर गेली आणि तो दारातच थबकला.

एक जुना पुरुषी बूट. त्यात रोवलेली वाइनची बाटली. बाटलीच्या तोंडावर लाल लोकरीचा हातमोजा, पाचही बोटं ताठ. बुटात कुणीतरी बुडतंय आणि हात वर करून हाका मारतंय, असं वाटत होतं.

प्रदर्शन उद्या होतं. पॅरिसमधल्या त्यांच्या कंपूचा नियम एकच: मूर्ती घडवायची नाही, सापडलेल्या वस्तू जुळवायच्या आणि बघणाऱ्याची झोप उडवायची. त्यासाठी एवारिस्तनं दर रविवारी जुन्या बाजारात उकिरडे फुंकले होते आणि एका व्हायोलिनला कोंबडीचे पाय जोडले होते. सकाळपर्यंत ते त्याला थोर वाटत होतं. आता नुसती कोंबडी दिसू लागली.

"बस की. भूत बघितल्यासारखा काय उभा राहिलास?" लेओनी म्हणाली. "खालून पाणी आणते, कॉफी टाकू."

विचारलं असतं तर कौतुक करावं लागलं असतं, म्हणून त्यानं काही विचारलं नाही. तिची पावलं जिन्यात वाजली तशी त्यानं हातमोजा ओढून काढला आणि कोटाच्या खिशात कोंबला. उरली बुटातली बाटली. तेवढी कुठल्याही दारुड्याच्या घरी सापडते. त्याला जरा बरं वाटलं.

कॉफी आली.

"तुझं व्हायोलिन झालं?"

"झालं."

"सुटलास बाबा. मला या वेळी काही म्हणजे काही सुचलं नाही. सकाळी जाऊन नाव काढून घेते."

एवारिस्तनं टेबलाकडे बोट केलं. "मग हे?"

"ही बाटली? बूड फुटलंय तिचं, उभी राहत नाही, म्हणून बुटात घातली. हातमोजा धुतला होता ना, बोटांत कागद कोंबून वाळत... अगं बाई, गेला कुठे?" ती वाकून टेबलाखाली शोधू लागली.

म्हणजे तिनं काही केलंच नव्हतं, आणि तरी ते त्याच्यापेक्षा सरस होतं. ते फक्त त्यालाच दिसलं होतं. एक शब्द बोलला असता तर उद्या तिचं नाव राहिलं असतं.

"उंदरानं नेला असेल," तो म्हणाला आणि त्यानं कॉफीचा घोट घेतला. जीभ पोळली.

ती टेबलाखाली आणखी आत सरकली.

"एवारिस्त," खालून आवाज आला, "तुझ्या खिशातून पाणी गळतंय."