आठल्यांची रत्नागिरी

लग्नापासून आठल्ये बायकोला रत्नागिरीतल्या आपल्या लाडक्या जागांचं कौतुक ऐकवत आले होते. निवृत्तीनंतर एकदाचे तिला घेऊन आले, तर आंबोळीच्या हॉटेलात मोबाइल मिळत होते, थिएटरचं मंगल कार्यालय झालं होतं आणि समुद्र एका लॉजच्या मागे गेला होता.

“तुमचं इथं काही उरलंय का हो?” नागपूरकर बायकोनं विचारलं. दोघं हिरमुसून सिटी बसमध्ये बसले.

उतारावरच्या वळणाआधी कंडक्टर ओरडला, “आठल्ये पडला! आठल्ये पडला आहे का कोणी?”

बायको दचकून उठलीच. शेजारची मासेवाली टोपली सावरत म्हणाली, “बसा हो, स्टॉपचं नाव ते. कोण एक आठल्ये पोरींकडे बघत सायकल हाकत होता, तो थेट गटारात. झाली त्याला वर्षं. मेला पण असेल.”

आठल्यांची मान ताठ झाली. तिकीट पुढचं होतं, तरी बायकोला ओढत ते दाराशी गेले. “चल, आमची जागा आली!”

कंडक्टरनं त्यांचा दंड धरला.

“जपून हां, काका. इथं माणसं पडतात.”