नागव्वाचं शेवटचं बोलणं

नागव्वाला जाऊन महिना झाला होता. तिच्याशी झालेलं शेवटचं बोलणं नवऱ्यानं, रेवणप्पानं, मोबाईलमध्ये भरून ठेवलं होतं. परदेशातल्या लेकीला, काव्याला, ते पाठवायचं होतं. पण फाईल एवढी मोठी की जाता जाईना. म्हणून एका दुपारी तो मैंदर्गीहून एसटीनं सोलापुरात नवी पेठेतल्या एका स्टुडिओत आला.

"कानाला जे ऐकू येत नाही तेवढंच मशीन काढून टाकतं, काका," स्टुडिओ सांभाळणारी उत्कर्षा म्हणाली. "आवाजाला धक्का लागत नाही."

फाईल लहान झाली. नागव्वाचा आवाज स्वच्छ होता, हातातल्या बांगड्यासुद्धा वाजत होत्या. फक्त रेवणप्पाची उत्तरं नव्हती. त्या जागी नुसती शांतता.

उत्कर्षानं मूळ फाईल लावून पाहिली. तिच्यात दोघंही बोलत होते. तिनं ती पुन्हा बारीक केली. पुन्हा तेच.

रेवणप्पा खुर्ची ओढून स्पीकरजवळ सरकला. चाळीस वर्षांच्या संसारातलं शेवटचं बोलणं, आणि त्यात आपण नाहीच?

लहान केलेली फाईल तिसऱ्यांदा लावली तेव्हा नागव्वा मध्येच थांबली.

"अवं, गप का झालासा? हितं हाय न्हवं तुमी?"

असं ती त्या दिवशी बोललीच नव्हती.

"हाय की! हितंच हाय, नागव्वा!" स्पीकरवर वाकून रेवणप्पा जिवाच्या आकांतानं ओरडला.

उत्कर्षा त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमचे नुसते ओठ हलताहेत."