अनुमानाची जागा

“पुस्तक मिट. आता स्वतःच्या शब्दांत सांग,” शशिकला म्हणाली.

आभाने पुस्तक मिटलं. उद्या सकाळी आठला आठवीचा विज्ञानाचा पेपर, तो झाला की वर्ष संपलं. “आम्लात निळा लिटमस तांबडा होतो, आम्लारीत तांबडा निळा होतो,” ती म्हणाली. कुठे अडखळली नाही.

उजळणी कशी घ्यायची हे शशिकलेला कुणी शिकवायला नको. अठ्ठावीस वर्षं शाळेत तिने तेच केलं. वाचायचं, मिटायचं, बोलायचं. चुकेल त्याला लाल पेनने गोल करायचा आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं. पण आज भाचीसमोर बसून तिचं पुस्तकात लक्ष नव्हतं. आभाचे बाबा, म्हणजे शशिकलेचा पाठचा भाऊ इंद्रजीत, दुपारी बारा वाजता कामोठ्याच्या हॉस्पिटलमध्ये वारला होता. अकरा दिवस न्यूमोनियाशी झगडला; तेवढे दिवस शशिकला त्याच्या घरी आभाजवळ राहत होती. आणि पोरीला हे कळू द्यायचं नव्हतं.

हुकूम थोरल्या कृष्णकांतदादांचा. दुपारीच फोनवर म्हणाले, “मुलाची वाट बघायला हवी, निनाद पहाटे दुबईहून उतरेल. सकाळी नऊला नेऊ. आभाला एक अक्षर बोलायचं नाही, वर्ष फुकट जाईल तिचं. पेपर सुटला की घेऊन ये, मग सांगू.”

दादांचा शब्द म्हणजे त्या घरात काळ्या दगडावरची रेघ. आभाची आई वसुंधरावहिनी बिचारी हॉस्पिटलच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसलेली, तिला कोण विचारतंय! अहो, एका पेपराने कुणाचं वर्ष बुडत नाही. शाळेला कळवलं तर जूनमध्ये पुन्हा पेपर घेतात, हे शशिकलेने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. आणि तरी ती “बरं, दादा” म्हणाली होती. साठी आली, पण दादांपुढे मान खाली ती खालीच. पेपर सुटणार अकराला. तोवर पोरीच्या बापाची राख झालेली असणार. शशिकलेला स्वतःचीच किळस आली.

“आत्या, प्रयोगवहीतलं विचार ना.”

“विचारते. प्रयोग लिहायचा कसा?”

“साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान.”

“निरीक्षण आणि अनुमान, फरक काय?”

“डोळ्यांना दिसतं ते निरीक्षण. त्यावरून कळतं ते अनुमान.”

“शाब्बास गं माझ्या बाई! आता एखादं निरीक्षण मनाने लिहून दाखव. पुस्तकातलं नको हं.”

एवढं बोलून ती गॅलरीत आली. हुंदका आवरेना, म्हणून तोंडात पदराचा बोळा घातला. खाली रिक्षावाले नेहमीसारखे ‘खांदेश्वर, खांदेश्वर’ ओरडत होते. शेजारच्या दीपिकाने आणून दिलेला चहाचा थर्मास आणि खिचडीचा डबा टेबलावर तसाच पडला होता. दीपिकाला सगळं ठाऊक होतं, पण तिनेही तोंडातून ब्र काढला नव्हता. तोंड धुऊन, डोळे पुसून शशिकला आत आली.

आभाने वही तिच्यापुढे सरकवली. अक्षर सुरेख, समास आखलेला.

निरीक्षण :
१. सात वाजून गेले, तरी आत्याने देवापाशी दिवा लावला नाही. इथे आल्यापासून रोज लावते.
२. दुपारपासून आपला गॅस पेटला नाही. चहासुद्धा दीपिकाकाकूंनी आणला. आत्याला दुसऱ्याच्या हातचा चहा चालत नाही.
३. आई रोज सहाला फोन करते. आज केला नाही.

अनुमान :

पुढे कोरं होतं.

शशिकलेने ओट्याकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं. तोंडाला तिने कुलूप लावलं होतं खरं, पण हातांना कुठे लावलं होतं? घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही, देवाला दिवा लागत नाही. लहानपणापासून पाहिलेलं, हात आपले आपणच मागे राहिले होते आणि तिला पत्ताही नव्हता.

“अनुमान का नाही लिहिलंस?” तिने विचारलं. विचारायलाच नको होतं.

आभाने लाल पेन उचलून तिच्या हातात दिलं.

“तू गोल कर ना, आत्या. चुकलंय म्हण. मी अर्ध्या तासाने पुन्हा करीन.”

हजारो पोरांच्या चुकांना शशिकलेने आजवर बिनदिक्कत गोल केले होते. हा एक करता आला असता तर तिने उरलेलं आयुष्य देवाला दिलं असतं. पेन तिच्या हातातून खाली पडलं. तिने पोरीला जवळ ओढलं, तशी आभा तिच्या कुशीत शिरून ओक्साबोक्शी रडू लागली.

फोन वाजला. दादा होते.

“काय गं, कुठवर आली पोरीची तयारी?”

“झाली, दादा,” शशिकला म्हणाली. आभाला तिने एका हाताने घट्ट धरलं होतं. “वहिनीला म्हणावं, बाकावर शेजारी जागा कर. पोरीला घेऊन निघालेय मी.”