नव्या बाई

वजन कमी करायचं म्हणून बावीस वर्षांनी दौंडला माझ्या जुन्या कथक क्लासला गेले. लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी नाच सोडायला लावला. माझी घुंगरं तिथंच खिळ्याला राहिली. अजूनही होती, आईनं लाल दोरीत ओवलेली. कपाळाला लावली, तर दोरी घामानं ओली! हॉलमध्ये आमच्या बाई एकट्याच होत्या, डोळे गेलेले, कान तिखट. "बाई, ही घुंगरं कोण वापरतं?" मी विचारलं. "अनुपमाची हायत ती. रोज येती, एकदाबी खाडा न्हाई." "अहो, अनुपमा मीच की!" बाई नुसत्या हसल्या. "बांधा, आन् नाचून दावा." पहिल्याच तुकड्यात मला धाप लागली. बाईंनी टाळी थांबवली. "जमंल हळूहळू तुम्हाला," त्या म्हणाल्या, मग माझ्या मागच्या भिंतीकडं वळल्या. "अनुपमा, नव्या बाईंना जागा दे गं." पाठीमागं अनवाणी पावलं बाजूला सरकली.