ओली शाई

दुसऱ्या महायुद्धात, फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावर, डोंगरातल्या एका झोपडीत आम्ही जपान्यांपासून लपूनछपून आमच्याच नोटा छापायचो. प्रत्येक नोटेवर क्रिस्पुलो हाताने सही करायचा. जपान्यांनी त्याला मारलं, तेव्हा त्याच्या बायकोनेच, सालुदनेच, त्याला पुरलं.

पुढे एकदा बाजारात एका अनोळखी म्हाताऱ्याने सुक्या मासळीसाठी तिला नोट दिली. सही क्रिस्पुलोची होती. सालुदने त्यावर अंगठा फिरवला, तर शाई अंगठ्याला लागली.

"कुठून आणलीत, काका?"

"वरच्या झोपडीतून. सही करणारा म्हणाला, मासळी तिलाच घेऊन यायला सांगा. भात होत आलाय."

सालुदने केस नीट बांधले आणि मासळी टोपलीत घेतली.

"अगं, त्याला पुरल्यावर ती झोपडी आपणच जाळली ना?" मी शेजारून म्हणालो.

तिने वर पाहिलं. मीही पाहिलं. झाडांमधून चुलीचा बारीक धूर वर चढत होता.